आवाज बंद झाला म्हणजे बिघाड गेला का?

"मॅडम, गाडी जुनी आहे. आवाज येणारच."

गेल्या पावसाळ्यानंतर हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये ऐकलं. गॅरेजांची नावं सांगत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाहीच. खरं सांगायचं तर हेच वाक्य मी स्वतः स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा बोललेय. फक्त तिथे गाडीच्या जागी एखादा मुलगा असतो. "तो पाचवीपासूनच कच्चा आहे हो, चुका होणारच." तर आज ब्रेकबद्दल लिहितेय. ज्यांना गाडीत रस नाही त्यांनीही थोडं थांबावं, गाडी मध्येमध्ये वर्गात शिरणार आहे.

गाडी माझ्या दादाची. दोन सीटची, बसकी, नव्वदच्या दशकातली स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. (आपल्याकडे अशा गाड्या कमीच. शेजारच्या गोव्यात त्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी तयार व्हायची, फायबरग्लासची बॉडी आणि रेनोचं इंजिन. आजही कुठे दिसली तर दादा मान वळवून बघतो.) दादा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. निवृत्त झाल्यावर त्याने ही गाडी सेकंडहँड घेतली. वहिनी म्हणते, सवत आणली.

आवाज असा होता. गंगापूर रोडवरून आमच्या कॉलनीत वळलं की पेव्हर ब्लॉक सुरू होतात. तिथे पुढच्या डाव्या बाजूने खड-खड-खड. डब्यात चार सुपाऱ्या टाकून हलवाव्यात तसा. गुळगुळीत रस्त्यावर गाडी एकदम गप्प. शिवाय पार्किंगमधून रिव्हर्स काढून मग पुढे निघालं आणि पहिल्यांदा ब्रेक दाबला की एकच "टक्". पुन्हा नाही. पुन्हा रिव्हर्स घेतला तर पुन्हा एकदा "टक्".

पहिल्या गॅरेजने शॉकअप बदलले. दुसऱ्याने लिंक रॉड आणि बुश. तिसऱ्याने चाक काढलं, काहीतरी केलं आणि आवाज खरंच बंद झाला. आम्ही खूश. पंधरा दिवसांनी सुपाऱ्या परत वाजायला लागल्या.

दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्याला खाली बसता येत नाही. तो म्हणाला, "अगं, तू विज्ञान शिकवतेस ना? मग बस की खाली. मी खुर्चीवरून सांगतो." वीस वर्षं मी पोरांना "निरीक्षण करा" म्हणून सांगतेय. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी ते सांगितलं.

कॅलिपर म्हणजे काय ते आधी सांगते, बऱ्याच पालकांना हा शब्द फक्त बिलावर दिसलेला असतो. सायकलचा ब्रेक आठवा. लिव्हर दाबला की दोन रबरी गुटके रिमला दोन्हीकडून धरतात. डिस्क ब्रेकमध्ये रिमच्या जागी लोखंडी चकती, गुटक्यांच्या जागी पॅड आणि त्यांना दाबणारा जो चिमटा, तो कॅलिपर. बहुतेक गाड्यांत हा चिमटा दोन पिनांवर थोडा आत-बाहेर सरकतो. पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतलं पॅड चकतीवर दाबतो आणि त्याच्या उलट्या रेट्याने अख्खा कॅलिपर सरकून बाहेरचं पॅड चकतीवर आणतो. काही जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत कॅलिपर सरकत नाही, दोन्ही बाजूंना पिस्टन असतात. दादाच्या गाडीत सरकणारा आहे.

गंमत इथे आहे. पॅडला हलता आलंच पाहिजे, नाहीतर ब्रेक सोडल्यावरही ते चकतीला घासत राहील. म्हणून त्याच्या खाचेत थोडी फट ठेवलेली असते. पण फट आहे म्हणजे खड्ड्यात पॅड वाजणार. ते वाजू नये म्हणून पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा बसवतात. त्या पॅडला धरून ठेवतात, पण अडवत नाहीत. तीसेक ग्रॅमचा तो तुकडा. चाक काढून ब्रेकचं काम करताना तो खाली पडला आणि परत बसवायचा राहिला, तर ब्रेक लागतो, गाडी थांबते, ट्रायलला काही कळत नाही. फक्त आवाज सुरू होतो.

दादाने पहिल्या दिवशी पान्याला हातच लावू दिला नाही. म्हणाला, आधी वही आण. आवाज कधी येतो, कधी येत नाही, किती वेगाला, वळताना की सरळ, थंड गाडीत की तापल्यावर, एवढंच लिहायचं. मग म्हणाला, खिडकी उघडून कॉलनीच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून हळू चालव. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कोणत्या चाकाचा ते स्पष्ट कळतं. मी थक्क. नववीला "ध्वनीचा अभ्यास" हा पाठ मी दरवर्षी शिकवते. परावर्तन, प्रतिध्वनी, सगळं फळ्यावर. आपल्याच भिंतीचा असा उपयोग कधी सुचला नव्हता.

मग मुख्य चाचणी. पेव्हर ब्लॉकवर खडखड चालू असताना ब्रेकवर पाय अगदी हलका ठेवायचा, गाडी थांबवायची नाही, नुसता स्पर्श. आवाज गायब! पाय उचलला, आवाज परत. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. ह्या एका चाचणीने किती काही सांगितलं बघा. हलका ब्रेक दिला की पॅड चकतीला टेकतात, म्हणजे त्यांना वाजायला जागा राहत नाही. पण शॉकअप आणि लिंक रॉडला ब्रेकशी काही देणंघेणं नाही. ते सैल असते तर पाय ठेवला काय आणि उचलला काय, वाजतच राहिले असते. म्हणजे शॉकअप, लिंक रॉड आणि बुश, तिन्ही उगीच बदलले गेले होते. ही चाचणी करायला एक रुपया लागत नाही आणि अर्धं मिनिट पुरतं. तीनपैकी एकानेही ती केली नव्हती, किंवा केली असेल तर आम्हाला सांगितलं नाही.

रिव्हर्सनंतरची "टक्"ही आता समजली. पुढे जाताना ब्रेक लागला की चकती पॅडला खाचेच्या एका टोकाला ढकलते, मागे जाताना दुसऱ्या टोकाला. दिशा बदलली की पॅड एकदाच सरकतं आणि आपटतं. म्हणून एकच टक्. वळताना सारखी टकटक आली असती तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटकडे बघायचं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक आवाज आला असता तर आधी चाकाचे नट आणि चकतीमागच्या पत्र्यात अडकलेला खडा. नट सैल असण्याची नुसती शंका आली तरी गाडी तिथेच थांबवायची, हे मात्र अपवाद नसलेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी जॅकवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, खाली स्टँड लावायचाच. दादा ह्यात हिटलर आहे. डावं चाक काढलं. आधी कॅलिपरच्या ब्रॅकेटचे बोल्ट बघितले, घट्ट होते. हाताने पॅड हलवलं, खुळखुळलं. बरं, पण थोडं खुळखुळणं चालतं की नाही, हे मला कसं कळणार? दादा म्हणाला, "उजवं चाक काढ." उजवीकडे पॅड हललं पण वाजलं नाही. तिथे वर-खाली दोन स्प्रिंगा होत्या. डावीकडे एकही नव्हती. आणि पॅडच्या पाठीला बोटभर जाड ग्रीस थापलेलं. तिसऱ्या गॅरेजचा इलाज हाच. ग्रीसच्या गादीवर पॅड पंधरा दिवस गप्प बसलं, मग ग्रीस तापून ओघळलं. ते चकतीवर गेलं असतं तर?

तुलनेसाठी एक नमुना जसाच्या तसा ठेवायचा असतो, असं आपण प्रयोगात शिकवतो. गाडीत तो कंपनीनेच दिलेला असतो, दुसऱ्या बाजूला.

मी म्हटलं, झालं, सापडलं. दादा म्हणाला, "संशयित सापडला. सिद्ध कर." उजव्या स्प्रिंगा काढून डावीकडे लावल्या आणि फक्त कॉलनीच्या गल्लीत, पायी चालण्याच्या वेगाने गाडी फिरवली. (ही चाचणी रस्त्यावर करू नये, गल्लीतसुद्धा माणूस जाणकार हवा.) खडखड उजवीकडे गेली! आनंदाने मी टाळी वाजवली. पण डावीकडची "टक्" पूर्ण गेली नव्हती. बारीक झाली होती, पण होती.

इथे मी सोडून दिलं असतं. उत्तर मिळालं होतं, मार्क मिळाले होते. दादाने सोडलं नाही. पुन्हा उघडलं. वरची पिन झिजून सैल, तिचं रबरी बूट फाटलेलं. खालची पिन उलट गंजून जाम, कॅलिपर तिच्यावर नीट सरकतच नव्हता. त्यामुळे आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा चांगलंच जास्त झिजलेलं. म्हणजे डाव्या पुढच्या चाकाचं बरंचसं काम एकटं आतलं पॅड करत होतं आणि हे सांगणारा एकमेव आवाज आम्ही पैसे देऊन ग्रीसने बंद करून घेतला होता.

नव्या पिना, नवे बूट, पिनांना सिलिकॉनचं ग्रीस (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं), दोन्हीकडे नवे पॅड आणि नव्या स्प्रिंगा. सगळं मिळून शॉकअपच्या बिलापेक्षा कितीतरी कमी. एक सूचना. ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

आणि हे भांडण आजचं नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, पण त्याचे तांब्याचे पॅड चकतीवर भयानक किंचाळायचे. हर्बर्ट फ्रूडने ॲस्बेस्टॉसचं अस्तर काढलं तेव्हा ब्रेकचा कर्कशपणा कमी झाला. पुढे १९५३ मध्ये डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली आणि मग सगळ्या जगाने ते ब्रेक मनावर घेतले. बघा ना, आवाज घालवायला आणलेलं ॲस्बेस्टॉस पुढे फुप्फुसाला घातक निघालं. एक त्रास गप्प केला आणि दुसरा आत ठेवला.

आता वर्गात येते.

परवा सातवीच्या एका मुलाने १/२ + १/३ = २/५ लिहिलं. पूर्वीची मी असते तर लाल फुली, शेजारी बरोबर उत्तर आणि "लसावि काढण्याची दहा उदाहरणं लिहून आण." तो लिहून आणतोही. पुढच्या चाचणीत उत्तर बरोबर येतं, आई खूश. पंधरा दिवसांनी २/५ परत. हे पाठीला ग्रीस थापणंच की. ह्या वेळी मी हलका ब्रेक लावून बघितला. विचारलं, "अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी मिळून किती?" तो म्हणाला, "एक." म्हटलं, "लिहून दाखव." त्याने १/२ + १/२ = २/४ लिहिलं आणि स्वतःच थबकला. म्हणजे भाकरी त्याला कळते, अपूर्णांकाची आडवी रेघ कळत नाही. त्याच्या लेखी वरचा आकडा वेगळा, खालचा वेगळा, दोन बेरजा. लसावि हा त्याचा शॉकअप होता. तो बदलून काही होणार नव्हतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की निदान ही गोष्ट आपण शाळेत शिकवत नाही, आणि शिक्षक म्हणून करतही नाही. विज्ञानाची प्रयोगवही काढून बघा. निष्कर्ष आधीच छापलेला किंवा सांगितलेला असतो. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात मुलं आधी सरळ रेषेचा आलेख काढतात आणि मग त्यावरून वाचनं भरतात. मी ते ओळखते. ओळखूनही सही केलेली आहे. अशा वहीतून गेलेला मुलगा उद्या गॅरेजमध्ये काय, दवाखान्यात काय, आधी ठरवणार आणि मग तपासणार. गॅरेजवाल्यांना नावं ठेवताना ते आपल्याच शाळांतून गेलेत हे विसरून चालणार नाही.

एक सहकारी म्हणाले, "मॅडम, वर्गात साठ मुलं. प्रत्येकाची खाच कुठे उघडत बसणार?" खरं आहे. तिसऱ्या गॅरेजवाल्याच्या दारातही त्या दिवशी गाड्यांची रांग होती. माझ्याकडे ह्याचं पूर्ण उत्तर नाही. पण साठ वह्यांत चुका साठ प्रकारच्या नसतात, चार-पाच प्रकारच्याच असतात, हे गठ्ठा वेगळ्या रीतीने लावला की दिसतं. मार्कांप्रमाणे नाही, चुकांच्या जातीप्रमाणे लावायचा. मी दोन महिने करतेय. वेळ जास्त लागतो, नाही कशाला म्हणू.

पालकांशीही एक बोलायचंय. मुलगा आयटीआयला जातो म्हणाला की घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. सातपूरच्या आयटीआयमध्ये टर्नर-फिटर झालेला माझा भाऊ मला, एम.एस्सी. झालेल्या बाईला, चल कसा बदलायचा ते शिकवत होता. एका वेळी एकच, असं तो दर पाच मिनिटांनी ओरडायचा.

गाडीची इतकी काळजी का, असं वाटेल. दादाला भाचीच्या लग्नाला ठाण्याला ह्याच गाडीने जायचं होतं, म्हणजे कसारा घाट उतरणं आलं. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत सुमारे ३०० मीटर उतार. दोन माणसांसह गाडी १००० किलोची धरा. वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची, जवळजवळ तीस लाख जूल. एवढी उष्णता कुठेतरी गेलीच पाहिजे. साध्या पाण्याला उकळी आणायची म्हटलं तर नऊ लिटर पाणी उकळेल. त्यातली काही हवा घेते, गिअर खाली टाकला तर बरीच इंजिन घेतं, म्हणून तर ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा म्हणतात. उरलेली सगळी चकत्यांवर. त्यातली एक चकती एकाच बाजूने धरली जात असेल आणि तिच्यावर ग्रीस ओघळत असेल, तर वरात कुठे पोचली असती?

ब्रेक ऑइलही बदलून घेतलं. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट-४ प्रतीचं ताजं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळायला नको, ओलावा धरल्यावर ती मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. बाटलीवर हे आकडे असतात. पुढच्या वर्षी उष्णतेच्या पाठाला मी ती रिकामी बाटलीच वर्गात नेणार आहे.

ज्यांची मुलं व्हॅनने शाळेत येतात त्यांनी एवढं करा. व्हॅनवाल्या काकांना भांडायच्या सुरात नको, सहज विचारा, "ब्रेकला आवाज येतो का हो?" बऱ्याच गाड्यांच्या पॅडला एक छोटी पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आलं की ती चकतीला घासून मुद्दाम किंचाळते, म्हणजे चालकाला कळावं. तो आवाज म्हणजे बिघाड नाही, निरोप आहे. आणि "काढून ग्रीस लावलं, आता येत नाही" असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न विचारा, "कशामुळे येत होता?"

लग्नाला गेलो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, मागचे ट्रक हॉर्न मारत होते. कसाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा दादाने दोन्ही पुढच्या चाकांजवळ, हात न लावता, तळवा धरला. दोन्हीकडे सारखीच ऊब. त्याने फक्त मान हलवली आणि दुसरा कटिंग मागवला.

ह्या सत्रात नववीच्या प्रयोगवहीची शेवटची आठ पानं मी कोरी ठेवायला सांगितली आहेत. त्यावर आपापल्या सायकलचा एक आवाज. कधी येतो, कधी येत नाही, संशय कोणावर, तपासलं कसं, निघालं काय. मोटारसायकल आणि गाडीच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हे पहिल्या ओळीत. अकरा वह्या आल्यात. चार जणांनी निष्कर्ष आधी लिहिलाय, ते लगेच ओळखू येतं. एका मुलीची सायकल पेडल मारताना "कट्" वाजते, नुसती उतारावर सोडली की वाजत नाही. तिने मोजलंय, पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच, चाकाच्या नाही. म्हणजे चाक सुटलं. पेडल की क्रँक, ह्यावर वर्गात दोन तट पडलेत. सोमवारी ती दोन्ही पेडलं आलटून पालटून बसवणार होती, पण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तिला पाना लावल्यावर कळलं. त्यामुळे अजून सापडलेलं नाही.